भट्टीसाहेबांचं कमी जाळाचं घर

तुळजापुरात आमच्या बांधकाम खात्यातले निवृत्त लोक जमले की कुणीतरी भट्टीसाहेबांच्या पोराच्या मोडलेल्या सोयरिकीचा किस्सा काढतंच. मुलीकडचे लोक घर बघायला आले, भट्टीसाहेबांनी पोहे गार होईपर्यंत त्यांना सिमेंटवर व्याख्यान दिलं, आणि पाहुणे जे गेले ते परत फिरकले नाहीत. लोक हसून हसून डोळे पुसतात. इतकी वर्षं मी त्या वेळी चहा सांगायला उठत आलो. चहा सांगून झाला की पानाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहायचो. मी पान खात नाही.

त्या किश्श्यातलं व्याख्यान खरं आहे आणि पोहे गार झाले हेही खरं आहे. पण सोयरीक त्यानं मोडली नाही. ती कशानं मोडली हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मुलीचे वडील आणि दुसरा मी. भट्टीसाहेब गेले तेव्हाही मी बोललो नाही. आता माझंही वय झालं आहे, आणि हे सांगायला माझ्यामागं कुणी उरणार नाही, म्हणून लिहितो आहे.

भट्टीसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते आमच्या उपविभागात शाखा अभियंता होते, मी उपअभियंता. वयानं आम्ही बरोबरीचे. बांधकामावर गेले की काम कुठवर आलं हे बघायच्या आधी ते माल बघायचे. वीट उचलून तिच्यावर नखानं टिचकी मारायचे, वास घ्यायचे आणि ठेकेदाराला विचारायचे, "ही कुठल्या भट्टीतली?" सळईचा भारा उतरला की तेच, फरशीचा ट्रक आला की तेच. सिमेंटच्या पोत्यावर तर ते तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवायचे. ठेकेदार मागं एकमेकांना डोळे मारायचे. एकानं एकदा चहाच्या कपाकडं बोट दाखवून विचारलं, "साहेब, ह्याचीबी भट्टी विचारा की." भट्टीसाहेबांनी कप उलटा करून खालचा शिक्का खरंच वाचला आणि म्हणाले, "गुजरात. लई लांबनं आलाय. फोडू नका." त्या दिवसापासून हे नाव चिकटलं.

त्यांचा सगळा विचार एका शब्दात मावायचा. जाळ. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यामागं किती जाळ लागला असेल, हे त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचं. दगड कमी जाळाचा, फोडला की झाला. भाजकी वीट त्याहून जास्त. लोखंडाचं तर विचारूच नका. आणि सिमेंटचा त्यांना खास राग होता. ते म्हणायचे, "सिमेंटचं दुहेरी हाय साहेब. भट्टीत कोळसा जळतो, त्याचा धूर वेगळा. आणि चुनखडी तापली की तिच्या पोटातला वायू सुटतो, तो वेगळा. दगडानं किती युगं धरून ठेवला होता, आपण तो एका दिवसात सोडवतो." मी विचारलं, मग चुन्याचं काय, तोही भाजूनच होतो. तर खूश होऊन म्हणाले, "चुना जरा लाजतो. भिंतीत बसल्यावर सोडलेल्यातलं पुष्कळसं हळूहळू परत ओढून घेतो."

घर वापरताना जी वीज जळते ती लोक मोजतात, बिल येतं म्हणून. पण घर उभं राहतानाच जे जळून जातं ते कुणी मोजत नाही, त्याचं बिल कुणाच्या दारात येत नाही. एवढं एकच त्यांचं म्हणणं होतं. आज पेपरात रोज कार्बन कार्बन चालतं. तो शब्द प्रथम आमच्या कार्यालयात आला तेव्हा ते म्हणाले, "चला, जाळाला इंग्रजी नाव मिळालं. आता तरी लोक ऐकतील." लोकांनी ऐकलं नाही. आम्हीच ऐकलं नाही.

एकदा त्यांनी एका समाजमंदिराच्या अंदाजपत्रकात परिमाण, दर, रक्कम ह्या रकान्यांपुढं पेन्सिलीनं एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, जाळ. विटांपुढं, सळईपुढं, सिमेंटपुढं आकडे मांडले. मी न बघता सही करून फाइल वर पाठवली. कार्यकारी अभियंत्यांनी मला बोलावून विचारलं, "ह्या जाळाला मंजुरी कोण देणार? मी, की अग्निशामक दल?" मी परत येऊन खोडरबर घेतला आणि भट्टीसाहेबांच्या देखतच तो रकाना पुसला. ते शेजारी उभं राहून बघत होते. मी पुसलेलं त्यांनी फुंकर मारून झटकलं आणि म्हणाले, "पुसला तरी लागायचा तेवढा लागणारच."

तुळजापुरात तेव्हा लॉजची बांधकामं जोरात होती. यात्रेकरू वाढले तशी ठीकठाक असलेली दोन मजली लॉज पाडून तिथं चार मजली उठायला लागली. असं एखादं पाडकाम सुरू झालं की भट्टीसाहेब दुपारच्या सुट्टीत तिथं जाऊन टोपी काढून उभे राहायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "मयतीला आलोय." लोकांना ती थट्टा वाटायची, पण त्यांचा चेहरा थट्टेचा नसे. येताना ते एखादी खिडकी, दाराची चौकट, बिजागऱ्या असं काहीतरी विकत घेऊन यायचे. त्यांच्या भाड्याच्या घराचं अंगण असल्या दारा-खिडक्यांनी भरून गेलं होतं. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांच्याकडं दारं लई हायती, घर तेवढं न्हाय."

माझा बंगला झाला तेव्हा वास्तुशांतीला मी सगळ्या कार्यालयाला बोलावलं होतं. भट्टीसाहेब नवा शर्ट घालून, सपत्नीक आले. जेवणाआधी ते खालीवर सगळीकडं फिरले, खांबांवरून हात फिरवला. माझ्या मेहुण्यानं, माणूस कोण आहे हे माहीत नसल्यामुळं, विचारलं, "कसं काय वाटलं साहेबांचं घर?"

"घर चांगलं आहे," भट्टीसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा मुळातच मोठा. "पण ह्यांचे पंखे, फ्रिज, टीव्ही, बोअरची मोटार सगळं मिळून वर्षानुवर्षं जेवढं जाळतील, तेवढं ह्या घरानं साहेब उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच जाळून टाकलंय. आणि पोर्चमधल्या त्या दोन गोल खांबांवर तर कसलाच भार नाही. नुसते उभेत."

मंडपात हशा पिकला. ते गोल खांब माझ्या बायकोनं हट्टानं करून घेतले होते. तिनं त्या दिवशी भट्टीसाहेबांच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली नाही. मी पाहुण्यांबरोबर हसलो. पण पुढं कितीतरी दिवस घरी येताना त्या खांबांकडं बघायचं मी टाळत होतो. खांबांवर भार नव्हताच. ते बांधले तेव्हाच मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली तेव्हा त्यांनी स्वतःचं घर बांधायला काढलं, तामलवाडीला, वडिलांच्या तुकड्यात. त्यांचे वडील तरुणपणी बौद्ध झालेले, शेतमजुरी करणारे. गावाबाहेर मातीच्या खोपटात त्यांचं आयुष्य गेलं. पोरगा शिकून साहेब झाला. आता साहेब घर बांधणार म्हटल्यावर भावकीला वाटलं, गावातलं सगळ्यात उंच स्लॅबचं घर आपल्यात होणार.

भट्टीसाहेबांनी शेजारच्या विहिरीचा मुरूम आणला. तो चाळून, पिठात मीठ टाकावं तेवढंच त्यात सिमेंट टाकून, हातानं दाबायच्या यंत्रात विटा पाडल्या. भट्टी नाही, जाळ नाही. ओल्या पोत्यांखाली त्या मुरत ठेवल्या. पाया जुन्या पडलेल्या घरांच्या काळ्या दगडाचा. छतासाठी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे लोखंडी गर्डर घेतले आणि त्यावर शहाबादी फरशी टाकली. गर्डरवर हात मारून मला म्हणाले, "ह्याचा जाळ माझ्या आज्याच्या वक्ताला जळून गेला. आता हे माझ्याकडं फुकट राबणार." अंगणातल्या सगळ्या दारा-खिडक्या एकदाच्या भिंतीत बसल्या. एका दारावर लॉजचा खोली क्रमांक तसाच होता. त्यांनी तो खरवडला नाही.

घरातल्यांना हे सोसत नव्हतं. वहिनी एका रविवारी माझ्यासमोरच म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझ्या सासूचं आयुष्य भिंती सारवण्यात गेलं. मला वाटलं, इंजिनेर मिळाला, आता आपलं सारवणं सुटलं."

"ह्याला सारवायचं न्हाय. दाबलेलं हाय हे," भट्टीसाहेब म्हणाले.

"पण दिसतंय मातीचंच की."

"रंगच तो. रंगाला काय करू?"

त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता. तो त्या दिवशी आला होता. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आज्या मातीत राहिला, कारण दुसरा इलाज नव्हता. तुम्हाला इलाज आहे. गावातले लोक काय म्हणतात माहीत आहे? साहेब झाले, तरी मातीतच."

भट्टीसाहेबांनी भिंतीवरची माती अंगठ्यानं पुसली. मग म्हणाले, "आज्याला ती गावानं दिली होती. मी निवडून घेतली." मुलाला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही पटलं नव्हतं. माझे आजोबा गावात, दगडी घरात राहिले. मला मातीचं घर म्हणजे नुसती एक बांधकामाची पद्धत वाटायची. त्या घराच्या मातीत बापलेकांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पण एक गोष्ट मला तेव्हाच पक्की ठाऊक होती. घर मजबूत होतं. आमच्या जिल्ह्यात भूकंपानंतर मातीच्या घराचं नाव काढलं की माणसं अंग चोरतात, आणि त्यात काही चूक नाही. भूकंपात जी पडली ती दगड-मातीची जड घरं, ज्यांचे कोपरे एकमेकांना बांधलेले नव्हते. भट्टीसाहेबांनी कंजूषपणा केला नव्हता. जोत्याला, खिडकीखाली, दारावर आणि छताखाली त्यांनी घराला सळई घालून काँक्रीटचे पट्टे बांधले होते, कोपऱ्याकोपऱ्यात उभी सळई सोडली होती, गर्डर पट्ट्याला आवळले होते. "सिमेंटशी माझं भांडण न्हाय," ते म्हणायचे. "जिथं जीव वाचतो तिथं वापरायचं. खांबाला गोल करायला न्हाय." दारावरचा पट्टा भरताना मी स्वतः शिडीवर चढून सळईचे हूक बघितले होते. एक सैल होता, तो मी परत वळवून घेतला. त्या घराबद्दल कुणी मला विचारलं असतं, तर मला विचार करायची गरज नव्हती.

आणि विचारलं गेलं.

मुलाला उमरग्याकडचं स्थळ आलं. मुलगी शिक्षिका, वडील बँकेत. पोरांची पसंती झालेली होती. पुण्यात दोघं भेटून आली होती. मुलगा त्या काळात वडिलांशी फार चांगलं बोलायचा, असं भट्टीसाहेबांनीच मला सांगितलं. बाकी होतं ते घर बघणं. आमच्याकडं मुलीकडचे लोक घर बघायला येतात आणि पहिल्यांदा मान वर करून छत बघतात. स्लॅब दिसला की पुढचं बोलणं. भट्टीसाहेबांनी मला मुद्दाम बोलावलं. "तुम्ही असलात की बरं, साहेब. माझं ऐकून घेत न्हायती लोक."

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी दारातच चप्पल काढली आणि मान वर केली. गर्डर बघितले, फरशी बघितली. बसले. पोहे आले आणि भट्टीसाहेब सुरू झाले. चुनखडी, कोळसा, मुरूम, गर्डर. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडं बघत होता. वहिनींनी दोनदा खोकून पाहिलं.

ते व्याख्यान पाहुण्यांना कंटाळवाणं वाटलं असं सगळे सांगतात. मी समोर बसलो होतो. मुलीचे वडील ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "मग उन्हाळ्यात कसं काय?" भट्टीसाहेब म्हणाले, "हात लावून बघा." ते उठले आणि त्यांनी पंजा भिंतीवर ठेवला. एप्रिलची दुपार होती. "गार हाय," ते म्हणाले, आणि हात तसाच ठेवून जरा वेळ उभे राहिले.

निघताना बाकीची मंडळी घरात निरोप घेत होती, आणि ते मला बाजूला घेऊन गाडीपाशी गेले. गाडीचं दार उघडून धरलं होतं, पण आत बसत नव्हते.

"साहेब, तुम्ही मोठे इंजिनेर," ते म्हणाले. "हे तुमच्या डोळ्यासमोर बांधलंय, व्हय?"

"हो."

"भूकंपात आमची आई गेली. धाकटा भाऊ गेला. भिंतीखाली. मीच काढलं दोघांला. माणूस चांगला हाय, पोरगं चांगलं हाय, मला घरबी आवडलं. एवढं एकच सांगा. तसा हादरा पुन्हा बसला, तर माझी पोरगी ह्या घरातनं बाहेर येईल का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. "येईल" असं म्हणायचं होतं. एवढंच.

सरकारी नोकरीत आम्ही एक गोष्ट फार लवकर शिकतो. तोंडी हमी द्यायची नाही. पूल टिकेल का, टाकी गळेल का, काही विचारलं तरी माणूस असं बोलतो की उद्या ते आपल्या अंगावर येऊ नये. ही सवय हाडात जाते. पण सगळा दोष सवयीवर टाकला तर हे लिहिण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मला माझे दोन गोल खांब आठवले. मंडपातला हशा आठवला. एप्रिलच्या दुपारी माझ्या बंगल्याच्या भिंतींना हात लावता येत नाही, हेही आठवलं.

मी हसून म्हणालो, "असं लेखी कोण देणार हो?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली. "व्हय. बरोबर हाय तुमचं," म्हणाले, आणि गाडीत बसले.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. गाडी मागं घेऊन रस्त्याला लावायला ड्रायव्हरला वेळ लागला होता. मी हात करून गाडी कशी वळवायची ते दाखवत होतो.

चार-सहा दिवसांनी नकार आला. कारण सांगितलं नव्हतं. आमच्याकडं सांगत नाहीत. मुलगी तिकडं रडली, असं नंतर कळलं, पण वडिलांपुढं तिचं चाललं नाही. कार्यालयात सगळ्यांनी मला विचारलं, कारण मी तिथं होतो. मी खुर्चीवर मागं रेललो आणि म्हणालो, "भट्टीसाहेबांनी पाहुण्यांना सिमेंटची कुंडली वाचून दाखवली. पोहे गार, सोयरीकही गार." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तेच वाक्य मलाच ऐकवलं. महिन्याभरात ते तामलवाडीला पोचलं आणि तिथून पुण्याला.

तर हा किस्सा माझा आहे. मीच रचला, आणि पुढं इतक्या लोकांनी सांगितला की रचणाऱ्याचं नाव गळून पडलं.

मुलानं वडिलांना विचारलं म्हणे, "थोडा वेळ गप्प बसता आलं नसतं का?" त्यानंतर त्यांच्यात फार बोलणं राहिलं नाही. काही वर्षांनी त्यानं पुण्यातच लग्न केलं. भट्टीसाहेब लग्नाला गेले, पाहुण्यासारखे बसले, जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. नातू झाल्यावर वहिनी पुण्याला गेल्या त्या तिकडंच राहिल्या. भट्टीसाहेब तामलवाडीच्या घरात एकटे राहू लागले. त्यांना बोलायला माणूस लागायचं, आणि आता कुणी नव्हतं. रस्त्यावर वाळूचा, विटांचा ट्रक थांबला की ते फाटकापाशी येऊन ड्रायव्हरला विचारायचे, कुठल्या भट्टीचा माल. ड्रायव्हर लोक त्यांना ओळखायला लागले होते. काही जण मुद्दाम थांबायचे, पाणी प्यायचे. पुढं चौपदरी रस्ता झाला, ट्रक वरच्या वर जाऊ लागले आणि तेही थांबलं. मी जायचो, पण फार नाही. गेलो तरी गाडी दाराशी चालू ठेवून बोलायचो.

ते गेल्यावर, तेरावं-चौदावं त्यांच्यात नसतं, पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला मी गेलो होतो. माणसं पांगल्यावर मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला.

"काका, तुम्हाला आठवतं का ते? उमरग्याचं?" तो म्हणाला. "बाबांनी त्या दिवशी नुसतं या-बसा म्हटलं असतं ना." तो हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला. मग भिंतीकडं बघून म्हणाला, "रस्त्याकडेची जागा आहे. लोक म्हणतात गाळे काढ. तुम्ही इंजिनिअर. हे घर ठेवण्यासारखं आहे का?"

दुसऱ्यांदा तोच प्रश्न. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मजबूत आहे, तर मग त्या पाहुण्यांना तुम्ही काय सांगितलं होतं? मी म्हणालो, "तुझी जागा आहे बाबा. तुझं तू ठरव."

दिवाळीनंतर घर पाडायला यंत्र लागलं. मी बघायला गेलो. ते घर काही वाघासारखं झुंजलं नाही. यंत्रापुढं कुठलंही घर पडतं. पण पूर्वेचा कोपरा पडला तेव्हा तो सुटा सुटा झाला नाही. पट्ट्यांसकट, दोन्ही भिंती धरून, एक तुकडा आडवा झाला. भूकंपात जी घरं पडली त्यांचे कोपरे आधी उघडायचे. मी आयुष्यभर पडलेल्या भिंती तपासल्या आहेत. मी काय बघितलं ते मला कळलं. तिथं दुसऱ्या कुणाला कळलं नाही. गर्डर भंगारवाल्यानं नेले. आता तिथं स्लॅबचे गाळे आहेत, एकात मोबाइलचं दुकान आहे, बाकीचे बंद असतात.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी एकदा ठरवून त्यांच्याकडं गेलो होतो. काय बोलायचं ते वाटेत म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी मी गाडी बंद केली आणि आत गेलो. त्यांना इतका आनंद झाला की काय करू आणि काय नको असं झालं. स्वतः चहा केला. फार वाळले होते. मला भिंतीला पाठ टेकून बसवलं, म्हणाले, "इथं बसा, इथं गार लागतं." सिमेंटमध्ये राख मिसळतात, त्यानं जाळ कमी होतो, हे कुठंतरी वाचलं होतं ते सांगितलं. मी हं हं करत होतो. चहा संपला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "एक सांगायचं होतं. ते उमरग्याचे पाहुणे आले होते तेव्हा."

"मीच काढणार होतो ते," भट्टीसाहेब म्हणाले. "लई दिवस मनात हाय. त्या दिवशी गाडीपाशी तुम्ही त्यांच्यासंगं बोलत होता, ते मी दारातनं बघितलं. काय बोलला असाल ते मला माहिताय. त्यांनी ऐकलं न्हाय, ते जाऊ द्या. पण माझ्या घराबद्दल चांगलं सांगणारा एकच माणूस निघाला. कधी बोललो न्हाय तुम्हाला. राहूनच गेलं."

बाहेरून एक ट्रक गेला. ते सवयीनं उठायला लागले आणि परत बसले.

"आता एक करा साहेब," ते म्हणाले. "पोराला एकदा सांगा, घर पक्कं हाय म्हणून. माझं ऐकायचा न्हाय तो. तुमचं ऐकेल."

माझं चुकलं, हे शब्द मी त्यांच्या घरापर्यंत आणले होते. मी तोंड उघडलं, आणि "सांगतो" म्हणालो.